चाळीस मुलं आणि चार काचपेट्या

पत्र : मी भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४० मुलं आहेत. गेल्या वर्षीच्या सहलीत सकाळी फोर्टचं म्युझियम, दुपारी तारांगण आणि संध्याकाळी गेटवे असं केलं. प्राण्यांच्या दालनातून मुलं वीस मिनिटांत बाहेर आली. वाघासमोर फोटो काढले, बस्स. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ‘मजा आली’ यापलीकडे कोणाला काही सांगता येईना. यंदा फक्त प्राणी-पक्षी-वनस्पती पाहायला न्यायचं ठरवलंय. माझी भाची बी.एस्सी. करतेय, तिच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातही संग्रहालय आहे. तिकडे न्यावं की मोठ्या म्युझियममध्ये? संग्रहालयांचे शैक्षणिक कार्यक्रम असतात म्हणे, ते कसे मागायचे? आणि वर्गातल्या एका मुलाची नजर फार कमी आहे. त्याला काचेमागचं काय कळणार, ही काळजी आहेच.
— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : नमस्कार ताई,

मुलं वीस मिनिटांत बाहेर आली यात त्यांची चूक नाही आणि तुमचीही नाही. ओळीने मांडलेले शेकडो प्राणी, करायला काही ठरलेलं नाही आणि पुढे तारांगणाची वेळ गाठायची. अशा घाईत मोठी माणसंसुद्धा पाट्या वाचत पुढे सरकतात. यंदा तुम्ही तारांगण आणि गेटवे काढून टाकलंत, निम्मं काम तिथेच झालं. आता पाहायच्या वस्तूही कमी करा. चाळीस मुलांनी दीड तासात चारच गोष्टी पाहाव्यात, पण इतक्या नीट की घरी गेल्यावर त्या न बघता कागदावर काढून दाखवता आल्या पाहिजेत.

कुठे न्यावं? जमलं तर दोन्हीकडे न्या, मात्र एकाच दिवशी नको. आणि आधी कॉलेजात न्या.

याचं कारण तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. सातवीच्या सामान्य विज्ञानाचा पहिलाच पाठ अनुकूलन आणि वर्गीकरणाचा. मोठ्या संग्रहालयात प्राणी अख्खा दिसतो, पण फक्त बाहेरून. तो काय खातो आणि कसं खातो, हे त्याच्या जबड्यात कळतं, आणि जबडे कॉलेजात असतात. महाविद्यालयीन संग्रह मुळात शिकवण्यासाठीच जमवलेला असतो. बरण्यांतले मासे, साप, तारामासे, सशाचा नि कबुतराचा सांगाडा, कवट्या, पेटीतले कीटक असं साहित्य बहुतेक जुन्या विभागांत मिळतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतलं विच्छेदन बंद करायला सांगितल्यापासून तर या जुन्या नमुन्यांचं मोल आणखी वाढलंय. त्यातही मोठा फायदा माणसांचा. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे आणि कुठली कवटी हाताळली तरी चालेल, हे तिथल्या लॅब अटेंडंटला पाठ असतं.

वनस्पतींकडे ओढा असेल, तर सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगं सेंट झेवियर्स कॉलेज आहे. तिथलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासूनचं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचे वाळवलेले नमुने एका छताखाली. पण ते संशोधनाचं ठिकाण आहे. चाळीस मुलांना घेऊन अचानक दारात उभं राहायची जागा नव्हे. आधी पत्र, मग परवानगी, आणि तीही लहान गटासाठी मागा.

आता कॉलेजला विचारायचं कसं. भाचीला आधी विभागप्रमुखांशी तोंडी बोलू दे. त्यांनी मान हलवली की शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे द्या आणि प्रत विभागप्रमुखांना. भेटीच्या तीन-चार आठवडे आधी पत्र पोचलं पाहिजे. त्यात इयत्ता, मुलांची संख्या, सोबतच्या मोठ्यांची संख्या, पाठाचं नाव, ‘माहिती मराठीत हवी’ हे वाक्य, दोन पर्यायी तारखा आणि एक मोबाइल नंबर, एवढं पुरे. ‘आपले संग्रहालय पाहण्याची इच्छा आहे’ एवढंच लिहिलंत तर समोरच्याला कपाटं उघडून उभं राहण्यापलीकडे काही सुचत नाही. त्यापेक्षा सरळ लिहा : बोकडाची, कुत्र्याची किंवा मांजराची आणि सशाची कवटी, तसंच पक्ष्याचा सांगाडा टेबलावर काढून ठेवता येईल का? आणि तिसऱ्या वर्षाचे पाच-सहा विद्यार्थी मदतीला मिळतील का? आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा. सेमिस्टरच्या प्रात्यक्षिक परीक्षा साधारण दिवाळीआधी आणि मार्चच्या सुमारास असतात, तेव्हा विभाग मोकळा नसतो. डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात बरं, फक्त तुमच्या स्नेहसंमेलनाचे दिवस सांभाळा.

विभागाची खोली बहुधा लहानच असते. चाळीस मुलं एकदम आत घातलीत, की मागच्या पंचवीस जणांना पुढच्यांची डोकीच दिसतात, मग दंगा सुरू होतो. म्हणून वीस-वीसचे दोन गट करा. एक गट संग्रहालयात आणि दुसरा शेजारच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर तयार स्लाइड्स बघायला. पस्तीस मिनिटांनी अदलाबदल. बी.एस्सी.च्या मुलांना आधीच सांगून ठेवा की नावं लगेच सांगू नका, आधी विचारा. शिकवायच्या उत्साहात ती घडाघडा शास्त्रीय नावं म्हणू लागतात आणि सातवीची मुलं ती उतरवून घेऊ लागतात. मग कवटी राहते बाजूला.

कवट्यांवर मात्र मनसोक्त वेळ घालवा. बोकडाची कवटी हातात घेऊन वरच्या जबड्याच्या पुढच्या कडेवर बोट फिरवायला लावा. तिथे दातच नसतात, कधी नव्हतेही. खालचे पुढचे दात आणि वरची जाड हिरडी यांच्यात चारा धरून तो तोडला जातो. मग मोठी मोकळी जागा, आणि तिच्यामागे कानशीसारख्या धारांच्या दाढा. मुलांना आपापले दात मोजायला सांगा. मोठ्या माणसाचे ३२ आणि बोकडाचेही ३२, पण मांडणी पार वेगळी. सातवीत ३२ भरणार नाहीत, अक्कलदाढा अजून यायच्या आहेत, हेही तिथेच निघेल. कुत्र्याचे ४२. त्याचा जबडा हळूच मिटवून दाखवायला सांगा. बाजूच्या धारदार दाढा एकमेकींवर टेकत नाहीत, कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींना घासून खाली जातात. त्या चावत नाहीत, कापतात. आणि सशाच्या कवटीत एक गंमत दडलेली आहे. वरच्या दोन मोठ्या दातांच्या बरोब्बर मागे आणखी दोन इवले दात असतात. कवटी उलटी केल्याशिवाय ते दिसत नाहीत. उंदराला ते नसतात, आणि ससा उंदीर-घुशींच्या गणात मोडत नाही याचं एक मोठं कारण तेच. ते दात मुलांना स्वतः सापडू द्या, कोणी दाखवू नका.

तुमच्या त्या कमी नजरेच्या मुलासाठी हेच टेबल सगळ्यात चांगलं. बोकडाची दात नसलेली कड, कुत्र्याचा सुळा, कोंबडीच्या किंवा कबुतराच्या छातीच्या हाडावरचा उभा कणा, ज्याला उडण्याचे स्नायू चिकटतात, हे सगळं बोटांना नीट कळतं. त्याला शेवटी ‘खास’ म्हणून वेगळं बोलावू नका. पहिल्या गटात, पहिल्या जागेवर बसवा आणि त्याला काय लागलं ते इतरांना सांगायचं काम त्याच्याकडे द्या. बघणाऱ्यांना मग तपासून पाहावंच लागतं.

बरण्यांबद्दल दोन गोष्टी सांभाळा. जुने नमुने फॉर्मॅलिनमध्ये असतात, काही अल्कोहोलमध्ये. झाकण उघडायचं नाही, बरणी हलवायची नाही, खिडक्या-पंखे चालू ठेवायचे. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात. कोणाला दमा असेल तर त्याला दाराजवळ उभं करा आणि दहा मिनिटांत बाहेर काढा. दुसरं म्हणजे रंग. बरणीतला मासा पांढुरका-पिवळट दिसतो, कारण त्या द्रवात रंग टिकत नाहीत. बाजारातलं चकचकीत पापलेट रोज पाहणारी मुंबईची मुलं ‘हे खोटं आहे’ म्हणतील, तेव्हा हे कारण तयार असू द्या. मुशी किंवा पाकट दिसली, तर या दोघांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, हे आवर्जून सांगा. कानाची पाळी दाबून पाहा म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

आता मोठं संग्रहालय, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. ते १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्याचा निसर्ग-इतिहास विभाग उभा राहिला तो १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने. १९२६ मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अली याच दालनात गाईड-लेक्चरर म्हणून रुजू झाले. येणाऱ्यांना प्राणी-पक्षी समजावून सांगणं हे त्यांचं काम होतं. हे मुलांना आधी वर्गात सांगा, दालनात नको. तिथे डोळ्यांना काम द्यायचं.

या दालनाचं वैभव म्हणजे त्यातले देखावे. पुढे पेंढा भरलेले प्राणी, खरी माती-गवत, मागे रंगवलेलं जंगल. तुमच्या चार गोष्टी इथूनच निवडा : रोहित पक्षी (फ्लेमिंगो), महाधनेश (हॉर्नबिल), गवा आणि वाघ. पण मुलांना नेण्याआधी तुम्ही एकट्या जाऊन या. दुरुस्तीसाठी एखादी काच झाकलेली असू शकते, आणि प्रश्न वस्तूसमोर उभं राहून लिहिले तरच चांगले होतात.

रोहितसमोर चोच बघायला लावा. मधेच खाली वळलेली ही चोच तो पाण्यात उलटी धरून चालवतो आणि कडेच्या बारीक पट्ट्यांमधून चिखल-पाणी गाळतो. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित ठाण्याच्या खाडीत उतरतात, तुमच्या भांडुपच्याच अंगणात. २०१५ पासून तिथे रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पेटीतला गुलाबी रंग खाडीतल्यापेक्षा फिका वाटला तर मुलांना कारण विचारा. तो रंग खाण्यातून पिसांत येतो आणि वर्षानुवर्षांच्या उजेडाने उडत जातो. दालनात प्रकाश मंद ठेवतात आणि फ्लॅश नको म्हणतात, ते याचसाठी.

महाधनेशाच्या चोचीवरचं शिरस्त्राण जड दिसतं, पण बव्हंशी पोकळ असतं. त्यावरचा पिवळा रंग पक्षी स्वतः लावतो. शेपटीजवळच्या ग्रंथीचं तेल तो चोच घासून वर पसरतो. मेल्यावर तेल बंद, म्हणून जुन्या नमुन्याची चोच फिकुटलेली असते. गव्याला निम्मी मुलं म्हैस म्हणणार, म्हणू द्या. मग विचारा, पाय कुठपासून पांढरे आहेत? पाठीवरचा उंचवटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? शिंगं कुठून निघून कुठे वळतात? राधानगरीचं अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे, कोल्हापूरकडचं मूल वर्गात असेल तर ते बोलू लागेल. शिंगांवरून एक गोष्ट जोडून घ्या : गवा, काळवीट यांची शिंगं आयुष्यभराची, हाडाच्या गाभ्यावरचं पोकळ आवरण. चितळ-सांबराची मात्र भरीव हाडाची आणि दरवर्षी गळून नवी येणारी.

प्रश्नपत्रिका एका ए-फोर कागदाची, मधोमध दुमडलेली. चार बाजू, चार प्रश्न. ‘वाघाचे शास्त्रीय नाव लिहा’ असला प्रश्न नको, मूल पाटीवरून उतरवतं आणि वाघाकडे बघतसुद्धा नाही. पाटी झाकली तरी उत्तर देता येईल, असाच प्रश्न घ्या : ‘वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे आहेत का? तीन पट्टे काढून दाखवा.’ किंवा ‘खरी जमीन कुठे संपते आणि रंगवलेलं जंगल कुठे सुरू होतं?’ हा शेवटचा प्रश्न मुलांना गुडघ्यांवर बसवतो. पेन नको, पेन्सिलच. शाई काचेवर, भिंतीवर जाते आणि बऱ्याच संग्रहालयांत ती चालत नाही. टेकायला पुठ्ठा द्या.

एका काचेसमोर दहा मुलं मावतात, पाच खाली बसलेली आणि पाच मागे उभी. म्हणून दहा-दहाचे चार गट, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. त्यातली आठ चित्राची, बाकी बोलण्याची. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस, एक जण स्वच्छतागृहाच्या फेऱ्यांसाठी, एक दप्तरांपाशी. असे सहा जण लागतात, पालकांना विचारा. आणि मोकळी दहा मिनिटं शेवटी नाही, सुरुवातीला द्या. वाघाकडे धाव घ्यायची ऊर्मी आधी फिटली नाही, तर रोहितसमोर बसलेल्या मुलाचं अर्धं लक्ष मागेच असतं.

‘हा खरा आहे का? कोणी मारला?’ हा प्रश्न येणारच, तो टाळू नका. कातडी खरी असते. जुन्या काळी ती पेंढा, लाकूड, प्लास्टर यांच्या साच्यावर चढवत. डोळे काचेचे. जुने बरेच नमुने शिकारीतून आलेले असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली, आता नैसर्गिकरीत्या मेलेला प्राणीच परवानगीने घेतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून असं काम करणारं केंद्र आहे. आणि हात लावायचा नाही याचं कारणही स्पष्ट सांगा : कीड लागू नये म्हणून जुन्या कातड्यांना आर्सेनिक चोळत. ते विष आहे आणि अजून त्यात असू शकतं.

शैक्षणिक कार्यक्रमांचं म्हणाल, तर संग्रहालयाच्या शिक्षण विभागाशी आधी बोलून घ्या आणि नेमकं विचारा : मराठीत समजावणारं कोणी मिळेल का, एका वेळी किती मुलं, हाताळायला वस्तू देतात का, शाळांना तिकिटात सवलत आहे का, डबे कुठे खायचे, दप्तरं कुठे ठेवायची. कमी नजरेच्या मुलाचाही उल्लेख करा आणि त्याला स्पर्शाने पाहता येईल असं काय आहे, ते विचारून ठेवा. ‘सभागृहात पाऊण तासाचं स्लाइड-शोसह व्याख्यान’ असा प्रस्ताव आला, तर नम्रपणे दहा मिनिटं पुरे म्हणा. अंधाऱ्या खोलीत पडदा पाहायला मुलांना भांडुपहून फोर्टला न्यायची गरज नाही. उलट हाताळणीचं सत्र असेल तर पैसे लागले तरी घ्या. याच संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळाशाळांत जाते. ती भेटीआधी शाळेत येऊ शकेल का, तेही विचारून घ्या. उघड्यावरचा कार्यक्रम हवा असेल, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं गोरेगावचं निसर्ग-शिक्षण केंद्र फिल्म सिटीजवळ आहे. तिथे चालत फिरायची सोय आहे, पण ती वेगळ्या दिवसाची गोष्ट.

प्रवासाचं थोडक्यात. सकाळची गर्दी ओसरल्यावर, साडेदहाच्या पुढची स्लो लोकल धरा आणि एकाच डब्यात चढा. सीएसएमटीहून डी. एन. रोड, हुतात्मा चौक, काळा घोडा असं मुलांच्या पावलांनी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चारच्या आत परतीच्या गाडीत बसलात, की संध्याकाळचा लोंढा चुकतो.

परत आल्यावर वर्गात एक छोटा संग्रह सुरू करा, पानांचा. पावसाळ्यात नको, मुंबईच्या दमटपणात बुरशी धरते. दिवाळीनंतर शाळेच्या आवारातली सदाफुली, आघाडा, तगर घ्या. राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडायचं नाही, तो गुन्हा आहे. फांदी पसरून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, वर-खाली पुठ्ठे, वर दहा किलोचं वजन. पहिले तीन दिवस कागद रोज बदला, पुढे एक दिवसाआड. कागद बदलायचा आळस केला की पान काळं पडतं. पान गालाला लावून गार लागलं तर अजून ओल आहे. साधारण आठवड्याभरात वाळतं. पानफुटी घेऊ नका, ती पुठ्ठ्याखालीही वाळायचं नाव घेत नाही, उलट तिला कडेने कोंब फुटतात. हवं तर तेच दाखवायला मुद्दाम एक पान दाबून ठेवा. प्रत्येक कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात झाडाचं नाव, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. झाडाचं नाव चुकलं तर नंतर सुधारता येतं, जागा आणि तारीख राहिली तर ती कोणालाच सांगता येत नाही, म्हणून या दोन गोष्टी पान तोडतानाच लिहायला लावा.